न बोलावलेला साक्षीदार

काशिराम घरत पनवेलच्या फौजदारी कोर्टात पट्टेवाला होता. पुकारा करायचा, कागद या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचे, साहेबांचा पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा आणि साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याला शपथ द्यायची, ही त्याची कामं. मी त्याच कोर्टात कारकून होतो. माझं टेबल पिंजऱ्यापासून चार हातांवर. ‘ईश्वरास स्मरून खरं सांगेन, खऱ्याशिवाय दुसरं काही सांगणार नाही,’ हे वाक्य एकवीस वर्षं मी त्याच्या आवाजात ऐकलं. पुढे पुढे ते कानावर पडायचं, पण ऐकू येत नसे.

तो मूळचा गव्हाणचा, आगरी. बाप मिठागरात राबून गेला. काशिराम मराठी चौथी शिकला म्हणून कचेरीत लागला आणि विश्राळे तळ्याजवळ दोन खोल्या घेऊन राहू लागला. बायको वेणू आणि एकच मुलगी, चंद्रावती. धाकटी बहीण भामा सुकापूरच्या महादेव भोईरांना दिलेली. महादेव जमीनवाला, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. चंद्रावतीचं लग्न महादेवच्या पुतण्याशी ठरलं होतं. सुपारी फुटली होती, तारीख तेवढी धरायची राहिली होती.

काशिरामबद्दल सांगण्यासारखं एरवी काही नव्हतं. वेळेवर यायचा, कमी बोलायचा, विडी ओढायला पिंपळाखाली जायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्याला सहज विचारलं होतं, की इतकी माणसं देवाची शपथ घेऊन खोटं बोलतात, त्यांना पुढे कधी काही भोगावं लागलेलं पाहिलंस का? त्यानं बराच वेळ आठवून पाहिलं आणि म्हणाला, नाही. उलट दोघातिघांची भरभराट झालेली पाहिली. हे त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. बाजारात आज मासळी कमी आली, असं सांगावं तसं सांगितलं.

१९५४ च्या फेब्रुवारीत सुकापूरला महादेवची पेंढ्याची उडवी जळाली. रविवार होता, दुपारी तीनचा सुमार. वर्षभराचा पेंढा गेला. गोठ्याचा एक वासा धुमसला, पण गुरं वाचली. संशय लगेच गोमा हिलमवर गेला. गोमा सुकापूरच्या वरच्या अंगाला असलेल्या कातकरी वाडीवरचा. चार दिवसांपूर्वी त्याची बायको साळू खळ्यावर सांडलेले दाणे वेचत असताना महादेवनं तिचा हात पिरगाळून तिला हाकललं होतं, आणि गोमानं विहिरीवर दहा माणसांदेखत ‘तुजी उडवी जालीन’ असं म्हटलं होतं. पोलिसांना आणखी काही शोधावं लागलं नाही. दोन साक्षीदार मिळाले. त्यांनी गोमाला उडवीकडून पळताना पाहिलं होतं, किंवा पाहिलं असं ते सांगायला तयार होते.

महिन्याभरानं खटला उभा राहिला. पुकारा काशिरामनंच केला. गुन्हा कबूल आहे का, असं मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं. गोमाला वकील नव्हता. तो म्हणाला, “नाय. मी तवा गव्हानच्या खाडीवर चिंबोऱ्या धरीत व्हतो.”

साहेबांनी विचारलं, कुणी पाहिलं? गोमा म्हणाला, एक माणूस होता, डोक्याला फडका बांधलेला, दोघं एका झाडाखाली बसले होते. नाव त्याला माहीत नव्हतं. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.

तो माणूस गोमापासून सहा हातांवर उभा होता. पांढरा कोट, लाल पट्टा आणि पितळी बिल्ला असलेल्या पट्टेवाल्यात खाडीवरचा फडकेवाला गोमाला दिसला नाही. मलाही काही कळलं नाही. काशिरामनं पुढचा पुकारा नेहमीसारखाच केला.

संध्याकाळी कचेरी सुटल्यावर तो माझ्याबरोबर चालू लागला. तळ्यापाशी आल्यावर म्हणाला, “भाऊसाहेब, तो मानूस मी.”

हकीकत एवढीच होती. त्या रविवारी तो म्हाताऱ्या आईला भेटायला गव्हाणला निघाला होता. वाटेत खाडीकाठी एक कातकरी बिळातून खेकडे काढत होता. ऊन फार, म्हणून हा झाडाखाली टेकला. थोड्या वेळानं तोही येऊन बसला. दोघांनी विडी ओढली आणि पाणी फिरल्यावर आपापल्या वाटेनं गेले. नाव कुणी कुणाला विचारलं नाही.

मी त्याला लगेच सल्ला दिला. आज तो लिहिताना बरं वाटत नाही, पण दिला हे खरं आहे. मी म्हणालो, तुला कुणी समन्स काढलेलं नाही, गोमानं तुला ओळखलेलं नाही, तू कुणाशी खोटं बोललेला नाहीस. गप्प राहणं हा कुठल्याच कलमाखाली गुन्हा नाही. मी हे इतक्या सफाईनं सांगू शकलो याचं कारण, युद्धाच्या काळात रेशनच्या धान्याबाबत मी डोळ्यांनी एक गोष्ट पाहिली होती आणि गप्प राहिलो होतो. त्या वेळी माझ्याकडे चार कारणं होती, चारही पटण्यासारखी. तीच काशिरामला थोडी बदलून दिली. त्यानं मान हलवली आणि घरी गेला.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, जोगळेकर वकिलांकडे जायचं आहे, तुम्ही बरोबर या.

पुरुषोत्तम जोगळेकर तेव्हा पनवेलमधले सर्वांत तल्लख वकील समजले जात. देव मानत नसत आणि ते लपवतही नसत. कुठलीही गोष्ट तर्काला लावून पाहिल्याशिवाय स्वीकारायची नाही, हा त्यांचा बाणा. गोमाचं वकीलपत्र त्यांनी फी न घेता घ्यायचं कबूल केलं. त्यात दयेपेक्षा कुतूहल जास्त असावं. कारण लगेच त्यांनी काशिरामला समोर बसवून विचारलं, “तू का येतोस साक्षीला?”

प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता. सरकारी वकील हाच प्रश्न विचारणार होते. सख्ख्या मेहुण्याच्या विरुद्ध, न बोलावता साक्षीला येणाऱ्या माणसाच्या मागं काहीतरी असणार असंच कोर्ट धरून चालतं. तुझ्याकडे कारण नसेल तर ते तुला कारण देतील, आणि ते वैराचं असेल, असं जोगळेकरांनी त्याला समजावून सांगितलं.

देवाचं भय म्हणून, असं सांगता येईल का, असं काशिरामनंच विचारलं. जोगळेकर म्हणाले, तुला आहे का ते? तो म्हणाला, होतं, पण कोर्टात नोकरी लागल्यापासून कमी झालं. जोगळेकर म्हणाले, मग ते सांगू नकोस, उलटतपासणीत टिकणार नाही.

त्यानंतर जोगळेकरांनी दुसरा धागा धरला. कुणाचं किती भलं होतं ते पाहू, म्हणाले. गोमा सुटला तर तीन-चार महिन्यांची कैद वाचेल. तुरुंगात त्याला दोन वेळची भाकरी मिळाली असती, ती त्याच्या वाडीवर मिळत नाही. दुसऱ्या पारड्यात तुझ्या मुलीचं लग्न, बहिणीचं माहेर, बायकोचं सुख, तुझी गावातली पत. पारडं कुठं झुकतं? काशिराम म्हणाला, तिकडंच. पण जाग्यावरून उठला नाही.

“बरं. सगळ्यांनीच असं गप्प बसायचं ठरवलं तर कोर्ट चालेल का?” हे बोलताना जोगळेकरांना आपण खुंटी पक्की ठोकली असं वाटलं असावं.

काशिराम म्हणाला, “सगले गप्पच बसतात, साहेब. कोर्ट चालूच हाय.”

मला हसू आलं, पण जोगळेकर हसले नाहीत. ते उठून खोलीत येरझाऱ्या घालू लागले. म्हणाले, तू गोमाच्या जागी आहेस असं समज. तुला काय वाटलं असतं? काशिराम म्हणाला, कुणीतरी यावं असं वाटलं असतं. पण खऱ्या चोरालाही वाटतंच की साक्षीला कुणी येऊ नये, त्याच्याही जागी मी बसून बघितलं. मग कुणाच्या जागी बसायचं ते कसं ठरवायचं? जोगळेकरांनी या वाक्याची नंतर माझ्याजवळ अनेकदा आठवण काढली. पुस्तकात हा आक्षेप मिळतो, म्हणायचे, पण चौथी शिकलेल्या पट्टेवाल्याकडून मिळेल असं वाटलं नव्हतं.

शेवटी थकून त्यांनी सरळ विचारलं, “मग तू येतोस कशासाठी?”

“तो गव्हानला व्हता म्हणून.”

“हे कारण नाही, काशिराम. ही हकीकत झाली.”

“माज्याकडं तेवढीच हाय.”

बचावाच्या साक्षीदारांत नाव गेलं तशी बातमी सुकापूरला पोचली. भामा दुसऱ्याच दिवशी आली. वेणूनं दिलेलं पाणीही तिनं घेतलं नाही. ती ओरडली नाही असं काशिरामनं मला सांगितलं. दारातच उभी राहून एवढंच म्हणाली, “दादूस, तुला कोनी इचारलं व्हतं?” ती गेली. आठ दिवसांनी महादेवकडून निरोप आला की सोयरीक झाली नाही असं समजावं.

वेणू भांडणारी बाई नव्हती. त्या रात्री जेवण वाढताना मात्र तिनं नवऱ्याला विचारलं की त्या गोमाचा एवढा विचार केलास, तर चंद्रीचा का केला नाहीस? तीही कुणाचं वाईट न केलेलीच आहे. काशिरामनंच हे मला सांगितलं. तो म्हणाला, जोगळेकर साहेबांच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा हा अवघड आहे. तिचं चुकीचं आहे असं म्हणता येत नाही. आणि तरी माघार घेता येत नाही. हे कसं, ते तुम्हाला कळत असेल तर सांगा.

एप्रिलमध्ये साक्ष झाली. त्या दिवशी काशिरामनं कोट आणि पट्टा घातला नाही. गव्हाणला जाताना घालायचा ते साधे कपडे घालून, डोक्याला फडका बांधून आला. गोमानं त्याला बघितलं आणि आरोपीच्या जागेवर उभा असताना एकदम खाली बसला. शिपायानं त्याला उठवलं. शपथ द्यायला दुसरा पट्टेवाला नव्हता, म्हणून साहेबांनी मला सांगितलं. मी ते वाक्य म्हणताना एका ठिकाणी अडखळलो. काशिरामनं माझ्यासाठी थांबून मग ते पुरं केलं.

सरकारी वकिलांनी आधी वेळ धरली. घड्याळ होतं का? नव्हतं. मग तीनचा सुमार कशावरून? काशिरामनं शांतपणे सांगितलं की त्या दिवशी माघ शुद्ध द्वादशी होती. खाडीकाठच्या माणसाला घड्याळ लागत नाही, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. बाराची पाऊणपट नऊ. रात्री नऊला पुरी भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, दुपारी तीनला, पुरी ओहोटी. खेकड्यांची बिळं तेव्हाच उघडी पडतात. पाणी फिरलेलं दोघांनी बघितलं आणि मग उठले. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी माझ्याकडून पंचांग मागवलं. रविवार, द्वादशी. कागदाच्या कडेला त्यांनी गणित करून पाहिलं. मग दुसऱ्या दोन तिथी विचारल्या. काशिरामनं बोटांवर मोजून वेळा सांगितल्या. खाडीपासून सुकापूर पायी तीन तास. त्यात वादाला जागा नव्हती.

मग सरकारी वकील मुद्द्यावर आले. तुमच्या मुलीची सोयरीक महादेव भोईर यांनी मोडली, त्याचा हा सूड आहे. काशिराम म्हणाला, सोयरीक मोडली हे खरं, पण मी वकिलांकडे गेलो त्याच्या नंतर मोडली. तारखाही सांगितल्या.

“मग तुम्ही इथं का आलात?”

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मी जोगळेकरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

“मला सांगता येत नाय,” काशिराम म्हणाला.

साहेबांनी विचारलं, “सांगता येत नाही, की सांगायचं नाही?”

“येत नाय, साहेब. परयत्न केला.”

गोमा सुटला. निकालपत्राची नक्कल मीच केली, म्हणून एक वाक्य अजून आठवतं. साक्षीदाराला साक्षीस येण्याचं कारण सांगता आलं नाही, परंतु ज्याला खोटं रचायचं असतं तो कारण आधी रचतो, अशा अर्थाचं ते होतं. जोगळेकर खटला जिंकूनही यावर नाराज होते. हा तर्क म्हणून लंगडा आहे, म्हणाले. हुशार माणूस हेही ओळखून कारण सांगणार नाही. वेळ कशी सिद्ध झाली? तिथीवरून. पण यायला हवं होतं हे कशावरून सिद्ध झालं? कशावरूनही नाही. तरी काशिराम दोन्ही सारख्याच खात्रीनं सांगतो. पुढं बरीच वर्षं ते या जागी येऊन थांबत. वाचनालयात एकदा त्यांनी नीतीला बुद्धीचा आधार आहे की नाही यावर व्याख्यान दिलं, त्यातही शेवटी म्हणाले की एका बाजूला माझी सगळी पुस्तकं आणि दुसऱ्या बाजूला या गावातला एक माणूस, आणि मला अजून हिशोब लागलेला नाही. काशिराम मागच्या बाकावर बसला होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? तो म्हणाला, साहेब बोलतात छान.

उडवी कुणी जाळली ते कळलं नाही. जवळच्या शेतात कुणी तरी राबाचा पालापाचोळा भाजत होतं, ठिणगी उडाली असेल, असं लोक म्हणू लागले.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गोमा बाजाराच्या दिवशी काशिरामला भेटला. मी बरोबर होतो. गोमानं आभार वगैरे मानले नाहीत. तो आता बायकोसह वीटभट्टीवर निघाला होता, वाडी सोडून. जाता जाता म्हणाला, तुला एक सांगायचं राहिलंय. ती उडवी मी लावणारच होतो. सोमवारी. काडीपेटी आणून ठेवली होती. आदल्या दिवशीच कशी काय जळाली देव जाणे.

मी काशिरामकडे बघितलं. या माणसासाठी त्याची बहीण तुटली होती आणि मुलीचं लग्न मोडलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं, पण राग नव्हता. तो म्हणाला, “पन लावली नव्हतीस.”

गोमानं थोडा विचार केला. “नाय,” म्हणाला, आणि गेला. तो पुन्हा कधी पनवेलात दिसल्याचं मला आठवत नाही.

चंद्रावतीचं लग्न व्हायला आणखी दोन वर्षं लागली. सुकापूरच्या बाजूची घरं नकार देत होती. शेवटी उरणच्या जगन नावाच्या मिठागरातल्या मुकादमाशी तिचं जमलं. बिजवर होता, वयानं मोठा, पण स्वभावानं बरा. ती सुखी होती की नव्हती हे मी सांगू शकत नाही. बाप गेल्यावर एकदा ती मला भेटली तेव्हा मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

भामा सात वर्षं भाऊबीजेला आली नाही. दर वर्षी त्या दिवशी काशिराम रजा घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत घरीच बसून राहायचा. आठव्या वर्षी, म्हणजे एकसष्टला, ती आली. महादेव आजारी होता, थकला होता. त्यानंच जा म्हटलं, की ती आपण होऊन आली, कोण जाणे. तिनं ओवाळलं, जेवली, दोन दिवस राहिली. जुनी गोष्ट कुणी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो होतो. काशिराम दुकानावर गेला होता. इतकी वर्षं मनात असलेला प्रश्न मी भामाला विचारला. म्हटलं, तुमचे भाऊ लहानपणापासूनच असे खऱ्याचे होते का? आईबापांची शिकवण वगैरे? मला कुठून तरी उगम शोधायचा होता.

ती हसली. मी तिला हसताना प्रथमच पाहिलं. म्हणाली, “दादूस? लय खोटं बोलायचा. मार खायाचा त्यापायी.”

“मग हे?”

तिनं खांदे उडवले. ती गाठोडं बांधत होती. तेवढ्यात काशिराम आला. त्यानं ते गाठोडं तिच्या हातातून घेतलं, आणि दोघं एस. टी. स्टँडकडे चालायला लागली. ती पुढं, तो दोन पावलं मागं.